पांढऱ्या चादरीमागची मी

३ मार्च, सकाळ
नातबाई, मी सांगते ते लिही, पण आधी तारीख घाल. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी तू, तारीख कसली लक्षात ठेवतेस! ही वही फक्त माझ्यासाठी. मला वाचता येत नाही, म्हणजे गुपित एकदम सेफ.

बातमी अशी. वाचनालयाच्या दारात गल्लीतल्या एका म्हातारीचा मोठा फोटो लागणार आहे. काढणार कंपाउंडरची मुलगी. मागच्या अंगणात तुमची मदत लागेल, असं ती मला आपणहून म्हणाली. थेट विचारायला लाजली असणार. वाचनालयात मी कधी पाऊल टाकलं नाही, पण दारात लटकायला अक्षरं कुठे लागतात?

४ मार्च
संकल्प: रोज तोंडाला साय. आठ दिवस हसायचं नाही, सुरकुत्या पडतात.

माझी धाकटी जाऊ डोकावली. तिला म्हटलं, तुझं तोंड म्हणजे पिळून वाळत घातलेलं फडकं, तू फोटोच्या भानगडीत पडू नकोस. ती नुसती हसली. तिला कमी ऐकू येतं, म्हणून मोकळेपणाने बोलता येतं.

५ मार्च, दुपारी बारा
ठेवणीतले कपडे घालून अंगणात हजर. फोटोवालीने परत पाठवलं. भर उन्हात डोळ्यांखाली काळं पडतं म्हणे, उन्हं कलल्यावर या. सूर्यालासुद्धा माझ्या वेळेने चालावं लागतं. हे धाकटीला ओरडून ऐकवलं.

६ मार्च, संध्याकाळ
भिंतीच्या सावलीत स्टुलावर बसले. तीन फोटो काढले. कॅमेऱ्यात बघून ती म्हणाली, लाइट परफेक्ट आहे. मी लाजले. मग म्हणाली, आता उठा. त्याच स्टुलावर धाकटीला बसवलं! तुलनेसाठी असणार. माझ्या हातात पांढरी चादर दिली, अशी धरा की उजेड त्यांच्या तोंडावर पडेल. धाकटीला स्वतःचा उजेड नाहीच. दिला माझा.

७ मार्च
आजही धाकटी स्टुलावर, मी चादरीमागे. खांदे गेले कामातून. चादर वर घ्या, तुम्ही दिसताय, म्हणून फोटोवाली दोनदा खेकसली. कलाकार माणसं चिडकीच. माझा फोटो ती शेवटी, निवांत काढणार.

८ मार्च
ढग. ढगाळ उजेड सगळीकडून सारखा येतो, चादर लागत नाही, असा निरोप आला. मला मुद्दाम विश्रांती दिली. खिडकीतून पाहिलं, धाकटी स्टुलावर होतीच. साय दोनदा लावली.

१२ मार्च
फोटो लागला. माणसाएवढा. धाकटीचा.

तिच्या डोळ्यांत पांढरा चौकोन चमकतोय, ती चादर. खाली कोपऱ्यात चादरीची कड, कडेवर एक अंगठा. फोटोवाली म्हणाली, सॉरी आजी, तेवढा कापायचा राहिला. जन्मभर सहीच्या जागी अंगठा दिला. इथेही माझा तेवढाच घेतला.

लोक टाळ्या वाजवत होते. धाकटी माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, जाऊबाई, फडकं छान वाळलं की हो.

म्हणजे सगळं ऐकू येत होतं भवानीला.

नातबाई, मी खाली येणार नाही. तिथे सगळे तिचं कौतुक करत बसलेत. जेवण वर खोलीत पाठव. मऊ भात, दही आणि एक केळं. केळं सोलून पाठवू नकोस. अंगठा अजून माझ्याकडेच आहे.