भाऊजीचा धसका अन् आमचा बडग्या

२९ जून १९६९
आजबी दोन्ही माग बंद. खटखट नाई तं घर परक्याचं वाटते. भाऊजीनं सकाळपासून हात धुऊ धुऊ साबणाची वडी संपवली. मी म्हटलं, भाऊजी, एवढं घासान तं रंग उडून जाईन, मंग तुमची सुलू ओळखाची नाई तुमाले. हसले नाई. आधी असं बोलली असती तं टोमणे मारत मारत माह्या माहेरच्या म्हशीपर्यंत पोचले असते.
भाऊजीचा दोस्त मारोती गेल्यापासून असं चालू आहे. हे वारल्यावर ह्यांच्या मागावर मारोतीच बसे. भाऊजी अन् तो, बाजूबाजूले. एकाच लोट्यानं पाणी पेत. त्या दिवशीबी पेले. दुपारी मारोतीले हगवण-ओकारी सुरू झाली. भाऊजीनं रिक्षात घातलं, त्याचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी एकटे आले.
आज जेवता जेवता थांबले. "वयनी, लोटा तोच, पाणी तेच. मंग तो काहून अन् मी काहून नाई?"
मले काय माहीत बापा.

४ जुलै
कार्पोरेशनचे लोकं आले. विहिरीत लाल दवाई टाकली, अन् हैज्याची, म्हणजे कॉलऱ्याची, सुई टोचाले चौकात टेबल मांडलं. आमच्या गल्लीतले मिशावाले संडासात लपले. मी पह्यली उभी राहिली. दंड उंबरावानी सुजला, तरी पदर मागं टाकून साऱ्या गल्लीत दाखवत फिरली. लाज कायची?
रेडिओवर सांगतात, हा रोग मुलखामुलखातून फिरून राहिला. बिनातिकिटाचा.
भाऊजी ओट्यावर बी आले नाई. सुईवाल्याले घरात बोलवा लागलं. टोचल्यावर विचारते, "आता पक्कं नाई होणार ना?" तो म्हणे, "काळजी घ्या." झालं. तेवढ्यानं पुन्हा नाडी धरून बसले.
"वयनी, नाडी पाहा बरं माही."
"चालून राहिली. तुमच्या मागापेक्षा बरी चालते."

११ जुलै
डॉक्टरले घरी आणलं. पोट दाबलं, जीभ पाहिली, छातीले नळी लावली. म्हणे शरीरात काई नाई, मनानं धसका घेतला. टॉनिक दिलं. सुलूनं इचारलं, धसक्याले गोळी नाई का? म्हणे येळ लागन.
शेजारच्या गिरजाबाईचं म्हणणं भगताले दाखवा. मी म्हटलं, तुमच्या जिभेले दाखवा आधी. दिवसभर बोल्ली नाई माह्यासंग. चला, तेवढाच आराम.

२२ जुलै
माणूस चंद्रावर उतरला म्हणते! गल्लीत एकच रेडिओ, त्याच्यापाशी ही गर्दी. मी घरात येऊन सांगतलं, "भाऊजी, लोकं चंद्रावर उतरून राहिले, तुमी ओट्यावर तं उतरा."
तोंड भिताडाकडंच. मंग हळूच म्हणे, "तिथं पाणी नाई म्हणते."
"हाव, नाई."
"मंग बरं आहे त्याईचं."
मले हसावं का रडावं समजलं नाई. चुलीपाशी जाऊन दोन्ही केलं.

३ ऑगस्ट
सुलू मोरीत तोंड धुवाचं निमित्त करून रडते. मी दाराशी उभी राहून म्हटलं, काहून वं, तोंड का आजच इतकं मळलं? गळ्यातच पडली. "बाई, ते असेच राहिले तं?"
असेच नाई राहत. मले माहीत आहे. हे गेले तवा मीबी तसंच भिताड धरलं होतं. कोणी म्हणे देव आठवा, कोणी म्हणे लेकराईकडं पाहा. लेकरं कुठं आहे मले. भाऊजी काईच म्हणे नाई. रोज चुलीपाशी बसून डाळ करे अन् मोठ्यानं इचारे, "वयनी, मीठ किती टाकू?" मी बोलतच नव्हती, तं मूठभर टाके. साऱ्या घराले ती खारट डाळ खाऊ घाले. सु. तवा नवी नवरी, बिचारी पाणी पिऊ पिऊ जेवे. एक दिवस माह्यानं सहन झालं नाई. उठली, हातातली पळी हिसकली, म्हटलं, सरका बाजूले, खानदान माराल का?
आता डाळ मले कराची आहे. कशी, ते समजून नाई राहिलं.

१० ऑगस्ट
लिहून ठेवते, कारण आजचा दिवस लिवासारखा आहे. सु. भाऊजीच्या मागावर बसली.
आमच्या घरात बाया सुताच्या कांड्या भरतात, मागाच्या खड्ड्यात पाय टाकून बसत नाई कोणी. सकाळी पदर खोचला, मले म्हणे, "बाई, तुमी दार लावून घ्या." मी म्हटलं, दार कायले लावू, उघडंच राहू दे. इकडून तिकडं फेकाचा धोटा दोनदा पायावर पाडला पोरीनं. दुपारपर्यंत हात बसला. खट. खट. मंग खटखट.
गिरजाबाई डोकावलीच. "माणूस जिवंत असताना बाई मागावर?"
"जिवंत आहे म्हणूनच बसली. जेवते ना तो."
भाऊजीनं आवाज ऐकला तशी कूस वळवली. एवढंच. पण वळवली.

२४ ऑगस्ट
वाईट दिवस. भाऊजी म्हणे, "वयनी, मी असाच संपून गेलो असतो तं बरं झालं असतं."
सूप घेऊन त्याईच्या बाजूले बसली, तांदूळ निवडत. संध्याकाळपर्यंत बसली. निवडलेलेच पुन्हा निवडले. सु.ले सांगतलं, एकटं सोडाचं नाई. तू जवळ नसशीन तं मी, मी नसन तं तू.

२ सप्टेंबर
पोळा जवळ आला. म्हणजे मारबत आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी साऱ्या नागपुरातून मारबतीचा मोठा पुतळा निघते, रोगराई घेऊन जा म्हणत गावाबाहेर नेऊन जाळतात. तिच्या मागं गल्लीगल्लीचे बडग्ये. ज्याचा राग आला त्याचा बांबू-कागदाचा पुतळा. आमच्या गल्लीचा बडग्या आमच्याच ओट्यावरून निघते. भाऊजी अन् मारोतीनं बांधलेला. मागच्या साली दोघाईनं एकाच ताग्यातून हिरव्या चौकटीचे सदरे शिवले होते, बँडवाल्यावानी मिरवले.
धोंडबा बुढा आला. "वयनी, यंदा मागच्या गल्लीले सांगतो बडग्याचं. तुमच्या घरी असं..."
"आमच्या घरी कसं? बडग्या आमच्याच ओट्यावरून निघन."
बुढा गेल्यावर पडवीतला बांबू उचलून पाहिला. जन्मात बांबू बांधला नाई मी.

९ सप्टें.
बडग्या झाला. हैज्याचा बडग्या. मडक्याचं डोकं, दोन कांड्या डोळ्याले, पोट भुशाच्या पोत्याचं. हातात टिनाचा फुटका डबा. तोंड असं रंगवलं का पाहिल्याबरोबर हगवण लागन. मले तं लय आवडला.
सु. म्हणे, "बाई, हा नाकाडोळ्यात तुमच्यावर गेला."
म्हटलं, म्हणूनच सुंदर आहे.
उघडा बरा नाई दिसत. भाऊजीच्या पेटीत तळाशी हिरवा सदरा होता, तो घातला. गाठी कशातरी मारल्या, सुतळी संपली. सारं मागच्या पडवीत केलं, भाऊजीले पत्ता नाई.

११ सप्टें. पोळा
बैलं सजून गेले. पुरणपोळी केली. भाऊजीनं अर्धी खाल्ली, बाकी पोळीकडं पाहत बसले. मारोतीले तूप लय लागे.

१२ सप्टें.
चूल पेटवाच्या आधी लिवते.
सकाळी बडग्या ओट्यावर आणून टेकवला. गल्ली जमली. दूरवर ढोल. भाऊजी खिडकीशी आले होते, मी तिरप्या डोळ्यानं पाहिलं. मंग खिडकीत कोणी नाई.
अन् दारात भाऊजी. अनवाणी. दाढी गळ्यापर्यंत. सरळ बडग्यापाशी.
"वयनी, हा सदरा कोणं घातला?"
"मीनं. तुमचाच आहे."
"माहा नाई." खिशाजवळ बोट ठेवलं. बिडीचं भोक. "मारोतीचा. मागाच्या खुंटीले राहिला होता."
त्याच्या घरचे सारे कपडे जाळले होते कार्पोरेशनवाल्याईनं. हा एकच राहिला, तो भाऊजीनं पेटीत ठेवला, अन् मी हैज्याले घातला. सु. सदरा काढाले धावली.
"राहू दे," म्हणे.
मंग घरात गेले. मले वाटलं, संपलं, आता कडी लागते. पण परत आले. हातात तो लोटा. पितळेचा, दोघाईचा. तेव्हापासून कोपऱ्यात पालथा होता, कोणाले शिवू देत नव्हते. माहा टिनाचा डबा सोडला, लोटा बांधला बडग्याच्या हाताले.
"हाबी जाऊ दे त्याच्यासंग."
गाठ मारता मारता थांबले. बांबू हालवून पाहिला. बडग्याची मान लटलट.
"हा चौकापर्यंत टिकत नाई. कोण्या बयताडानं बांधला?"
"तुमच्या भावाच्या बायकोनं."
"तरीच."
बाप रे. तरीच म्हणे! गिरजाबाई पदरात तोंड घालून हसली, मी तिले हसू देल्लं. भाऊजीनं साऱ्या गाठी सोडल्या, दातानं ओढू ओढू पुन्हा मारल्या. सुतळी सु.नं मागावरून तोडून देल्ली. मंग बडग्या खांद्यावर घेतला अन् निघाले.
आम्ही दोघी मागून. रस्ताभर लोकं वरडत होते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" भाऊजीचा आवाज नाई निघाला. पण ओठ हालले. गर्दीत घाम फुटला, एका दुकानाच्या पायरीवर बसले, श्वास लागला. मी बाजूले बसली. मंग पुन्हा उठले. शेवटपर्यंत गेले.
साऱ्या नागपुरात लय मोठे मोठे बडग्ये होते. आमच्यावानी एकबी नव्हता. अन् खांदा कोणाचा! हे असते तं...

१३ सप्टें.
भाऊजी निजून. तोंड भिताडाकडं. हात कालच्यापेक्षा जास्त धुतले. सु. घाबरली. मी म्हटलं, थकला माणूस, झोपू दे.
सकाळी पाहिलं तं मारोतीचा सदरा धुऊन वाळत घातलेला. जाळाच्या आधी गर्दीत बडग्याच्या अंगावरून काढला असन, आमाले दिसलं नाई. लोटा नाई आणला.

२१ सप्टें.
सदरा आता मारोतीच्या मागाच्या खुंटीले आहे. त्या मागावर कोणी बसत नाई.
सकाळी भाऊजी सु.च्या मागाशी येऊन उभे. "कापडाचा काठ ढिला होऊन राहिला."
"मंग तुमी बसा."
बसले नाई. खड्ड्यात पाहत राहिले. पण काठ कसा ओढाचा ते सांगतलं. सु.नं तसाच ओढला. म्हणे, आता ठीक.
दुपारी आरसा मागतला. दाढी कराले बसले. अर्ध्यात वस्तरा खाली ठेवला. म्हणे, "बाकी उद्या."
तसेच जाऊन ओट्यावर बसले. अर्धा गाल गोरा, अर्धं जंगल. येणारे-जाणारे पाहतात. धोंडबा बुढ्यानं तं सायकल थांबवली. मी सुपात तांदूळ घेऊन भाऊजीच्या बाजूले बसली, दाढीच्या बाजूनं नाई, गालाच्या बाजूनं. म्हटलं, काय पाहता धोंडबा, आमच्या घरचा माणूस आहे. हप्त्याहप्त्यानं निघते.
भाऊजी गालातल्या गालात हसले का? दाढीच्या बाजूनं हसले असन तं मले दिसलं नाई.