कासवाची पाचवी चाचणी

८ सप्टेंबर, सोमवार. औसा

आले एकदाची. नांदेडहून निघालेली एसटी अहमदपूरला चहासाठी थांबली ती चांगला अर्धा तास. लातूरला गाडी बदलली आणि औशाच्या स्टँडवर उतरले, तर वसंतराव सर स्वतः छत्री घेऊन उभे. एकाहत्तर वर्षांचा माणूस मला न्यायला आला. मी बॅग देईना तेव्हा म्हणाले, आठवीतसुद्धा तू दप्तर कोणाला उचलू द्यायची नाहीस.

रोजनिशीची सवयही त्यांनीच लावलेली. आज नवी वही आणि नवी नोकरी. नोकरीचं नाव ऐकून आईने कपाळावर हात मारून घेतला होता : फसलेल्या रणगाड्यांचं संग्रहालय. सरांनी निवृत्तीनंतर लातूर रस्त्यावरची एक बंद डाळ मिल घेतली आणि जगभरच्या फसलेल्या रणगाड्यांचे लाकडी आणि पत्र्याचे नमुने करवून तिथे मांडले. मी ते मोजायचे, नोंदवायचे आणि पाट्या लिहायच्या.

काय एकेक मंडळी आहेत! रशियाचा एक, नऊ मीटर उंच चाकांचा, ज्याचं मागचं चाक चाचणीतच भुसभुशीत जमिनीत रुतलं आणि मग धूड वर्षानुवर्षं तिथेच उभं राहिलं. न्यूझीलंडचा एक, ट्रॅक्टरला पन्हाळी पत्रे ठोकून केलेला. त्यातला एक बंदूकवाला इंजिनावर गादी टाकून आडवा व्हायचा, आणि लोक रस्त्यावर उभे राहून हसायचे. इंग्रजांनी एक असा केला की त्यात दोघांनी पालथं पडून गाडी हाकायची. ती डोलायची इतकी की आतल्यांना मळमळायला लागायचं. जिंकलेल्यांचे पुतळे सगळेच उभारतात, मला हे हरलेले आवडतात.

या वेडाचं पहिलं चित्र सरांनीच आठवीत दाखवलं. मुलीला रणगाडे कशाला, असं सगळे म्हणायचे. सर म्हणाले होते, हिला कळतं. त्या दोन शब्दांवर मी तेरा वर्षं काढलीत. ते चुकले नव्हते एवढं त्यांना दाखवायचंय, बाकी पगार वगैरे ठीकच आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

मिलच्या आवारात संगप्पा मिस्त्री आणि त्यांची बायको दानम्मा राहतात. शेजारची खोली मला दिलीय. संगप्पा कपाळाला विभूती लावून कामाला येतात आणि पाना जमिनीवर पडला तर उचलून आधी डोळ्यांना लावतात. दानम्माच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीवर आणि शेंगदाण्याच्या चटणीवर मी महिनाभरात गोल होणार, असं दिसतंय.

आज सरांनी मागची शेड उघडली. इथे नमुना नाही, खरी गाडी आहे. नाव 'कासव'. सरांच्या वडिलांनी, श्रीनाथरावांनी, ती दुसऱ्या महायुद्धात लष्कराला विकण्यासाठी बनवली होती. आठ फूट लांब, कमरेएवढी उंच, दोन्ही बाजूंना साखळीपट्टे. एका माणसाने पालथं पडायचं, समोरच्या बोटभर फटीतून बघायचं आणि दोन दांड्यांनी हाकायचं. इंजिन केव्हाच काढून एका पिठाच्या गिरणीला विकलं, तेव्हा आता ती आठ फुटी पेटीच आहे.

मी आत शिरले. माझी उंची चार फूट अकरा, रागावले की पाच. आयुष्यात पहिल्यांदा बुटकेपणा कामाला आला. आतली लांबी सहा फूट एक इंच, रुंदी सव्वीस. पाठीवरचं झाकण पडलं की खटका आपोआप बसतो. उघडायचं तर बाहेरून पाना लावावा लागतो. आतून मूठ होती, ती काढलीय. तिच्या स्क्रूची चार भोकं तेवढी राहिलीत. मूठ का काढली ते सरांनाही आठवत नाही म्हणे.

१५ सप्टेंबर, सोमवार

श्रीनाथरावांची कागदपत्रं वाचतेय. १९४४ मध्ये तीन चाचण्या झाल्या. तीन वेगळे चालक, आणि तिघांनीही अर्ध्या वाटेत झाकण उघडून उडी मारली. एकाचा जबाब आहे की आत गेल्यावर जागा कमी होत जाते. लष्कराच्या साहेबाने शेरा मारला की गाडी वाईट नाही, पण तिच्यात माणूस टिकत नाही, आणि तो निघून गेला. श्रीनाथरावांनी यावर काय करावं? मूठच काढून टाकली. मी हसले, मग एकटीच हसतेय हे लक्षात आलं.

चौथ्या चाचणीचा कागद नाही. वाळवीने खाल्ला, असं सर म्हणाले.

पाटीसाठी कासव पुन्हा मोजलं. आतली लांबी पाच फूट नऊ. म्हणजे बुधवारी मी चार इंच चुकले. मोजमाप हे माझं काम, आणि चार इंच? सरांना सांगायची लाज वाटली. त्यांनी आपणहून विचारलं तेव्हा मात्र सांगितलं. ते मुळीच रागावले नाहीत, उलट आकडा लिहून घेतला.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

पाऊस थांबत नाही. मिलच्या आवारात पायलीभर धान्य वाळवायला कोरडी जागा नाही, असं दानम्मा म्हणत होत्या.

पाच फूट पाच इंच. रुंदी एकोणीस. बाहेरून आठ फूट, तसूभरही फरक नाही. नवा टेप आणला, संगप्पांना दुसरं टोक धरायला लावलं, तीन वेळा मोजलं. भिंती ठोकून बघितल्या तर आवाज भरीव आला, आधी पोकळ यायचा. संगप्पा म्हणाले, "ताई, लोखंड हाय, थंडीनं आकसतंय." एवढं? त्यावर ते टेप गुंडाळायला लागले. दानम्मांनी जेवायला वाढताना हळूच सांगितलं की रोज आत जाऊ नका, ते बरं न्हाई.

सरांना म्हटलं, आता मी आत जाणार नाही. ते म्हणाले, बरं. मग म्हणाले की पुऱ्या जगात ही नोंद घेणारी तू एकटीच असशील, तुझी मर्जी. मला लगेच वाटलं, जावं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

गेले. पाच फूट दोन. खांदे दोन्हीकडे टेकतात.

भाकरी थापता थापता दानम्मा बोलून गेल्या, गेल्या साली एक पोरगा आला होता, धर्माबादचा, सुगत नावाचा. सर मला कधीच बोलले नाहीत. संगप्पांकडून नंबर घेऊन फोन केला. सुगत म्हणाला की आठ दिवस पाट्या लिहिल्या, मग सरांनी आत पडून बघायला सांगितलं. खांदा अडकला, बाहेर काढताना गळपट्टीचं हाड मोडलं. सरांनी दवाखान्यात नेलं आणि सांगितलं, तुझं काम संपलं, तू फार उंच आहेस.

मग त्याने विचारलं, तुमची उंची किती. मी सांगितली. तो म्हणाला, सर ज्या कागदाशी माझी उंची ताडत होते तो त्यांच्या हिरव्या कपाटात आहे, बघा.

२९ सप्टेंबर, सोमवार

सर लातूरला गेलेत. कपाट उघडलं.

चौथ्या चाचणीचा कागद आहे. वाळवीचं एक भोक नाही त्यावर. जसाच्या तसा उतरवते :

'चालक माणिक, हमाल, उंची चार फूट अकरा. इंजिन बंद असता गाडी सव्वा मैल चालली. झाकण उघडले. आत कोरी वही व पेन्सिल. माणूस नाही. माणिकला लिहिता येत नव्हते, त्यामुळे नोंद नाही. पुढील वेळी लिहिणारा चालक घ्यावा.'

त्याच्याखाली आमच्या शाळेचा तक्ता. इयत्ता आठवी, उंची आणि वजन. माझ्या नावाखाली लाल रेघ. पुढे दरवर्षीचे आकडे, सरांच्या अक्षरात. नववी, दहावी, कॉलेज. दर दिवाळीला त्यांना नमस्कार करायला जायचे, तेव्हा दाराच्या चौकटीशी उभं करून ते म्हणायचे, बघू, किती वाढलीस. दर वेळी एक पुस्तक द्यायचे. रणगाड्यांचं.

म्हणजे ते चित्र. ती पुस्तकं. ही वही. हिला कळतं म्हणजे हिच्या हाताला अक्षर आहे आणि ही आता वाढत नाही. मला वाटत होतं, माझं वेड माझं आहे.

रडले. भीती नंतर वाटली, आधी नुसती लाज वाटली, की मी किती खूश असायचे.

३० सप्टेंबर, मंगळवार

बॅग भरली. पुलावरून पाणी आहे, लातूरकडच्या गाड्या बंद. उद्या सुरू होतील म्हणतात.

सर पाणी चढायच्या आत परतले होते, ते आले. मी तक्ता त्यांच्यापुढे टाकला. ते खाली बसले, रडले. मोठ्याने, लहान मुलासारखे. म्हणाले की वडील मरेपर्यंत एकच गोष्ट बोलत होते, माझी गाडी चालली होती रे, कोणी पाहिली नाही. म्हणाले, हे वेड माझ्या डोक्यात होतं, पण तू आलीस आणि माझा हात धजेना. दसरा झाला की गॅस कटरवाला बोलावलाय, कासव मोडीत घालू. त्याला फोन लावला, मला ऐकवलं. खरंच बोलावलाय.

एकच मागितलं. उद्या खंडेनवमी. त्यांच्या घराण्यात चालकाच्या दांड्याला कुंकू लागल्याशिवाय वाहनाची पूजा पुरी होत नाही, आणि कासवाची ती कधीच झाली नाही, कारण आत कोणी मावत नाही. मोडण्याआधी तेवढं.

मी नाही म्हटलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळ

हो म्हटलं. लिहून ठेवते का ते, म्हणजे मागून मलाच हसता येईल. ते रडत होते. आणि तेरा वर्षं एका दिवसात पुसली जात नाहीत, मी कितीही रागावले तरी.

शिवाय मी विचार केलाय. कंबरेपर्यंतच आत जायचं. झाकण संगप्पा धरून उभे राहतील, ते माणूस सरळ आहेत. पाने, हातोडे, पक्कड, सगळी हत्यारं शेडमध्येच समोर पूजेला मांडलीत, मीच हळदीकुंकू वाहिलं. काही झालंच तर पाना चार हातांवर आहे. दहा मिनिटांचं काम.

अकरा वाजता. आत

कंबरेपर्यंत आत जाऊन दांड्याला हात पोचेना. दांडा पुढे गेलाय. थोडी सरकले — अजून थोडी —

सरांनी संगप्पांना नारळ आणायला पाठवलं. मग झाकण. खटका बसला.

वाटलं, निसटलं असेल. हाक मारली, सर, सर. ते सावकाश समोर येऊन फटीशी बसले आणि म्हणाले, वही आहे ना?

खिशात होती. नेहमी असते. त्यांनीच लावलेली सवय.

संगप्पा आलेत. मी ओरडले, पाना लावा. ते फटीतून बघतायत, त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे. म्हणतात, "ताई, हत्यारं पूजेला बसलीत. उद्या दसरा झाल्याबिगर हात लावता येत न्हाई. एक दिस धीर धरा, पाणी देतो, खायाला देतो." त्यांना माहीत नाही. चौथा कागद त्यांनी पाहिलाच नाही. मी सांगितलं. सर म्हणाले, पोरगी घाबरलीय.

सरांना हे ठाऊक होतं. आजचाच दिवस — वर्षातला एकच दिवस, जेव्हा मिस्त्री पाना उचलत नाही.

दानम्मा पान्याकडे धावली. संगप्पांनी धरलंय तिला. ती रडून सांगतेय, पाप माझ्या माथ्यावर घेते, सोडा. ते सोडत नाहीत —

गुडघे वळत नाहीत. हनुवटी लोखंडाला. लिहिता येतंय तेवढं —

सर विचारतायत, लांबी किती, खांद्याला किती, श्वास कसा. सांगत नाही. मग लिही, म्हणतात. लिहून ठेव, उर्वी, वडिलांचं राहिलंय.

हलली.

इंजिन नाही आणि पट्टे फिरतायत. फटीतून शेडचं दार मागे जातंय. दानम्माचा आवाज मागे. सर बाजूने चालतायत, वरातीतल्या नवरदेवाच्या बापासारखे. रडतायत, हसतायत. संगप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावलाय, तोंड उघडं. आता पाना घेतलाय त्यांनी, पळतायत — उशीर —

सर म्हणतात, लिहिलंस का.

लिहिते. माझं अक्षर तुम्हाला वाचता येतं, सर.

चाचणी पाचवी. चालक उर्वी. गाडी जागची हलली नाही. चाक फिरलं नाही. झाकण सदोष, आत हवा नाही, वाहन कुठल्याच कामाचं नाही. साक्षीदारांवर विश्वास ठेवू नये. मोडीत काढावे. निकाल, अयशस्वी. वडिलांचं कासव तेव्हाही चाललं नव्हतं, आजही नाही, आणि हे मी, ज्या एकटीला कळतं ती, लिहून देते की श्रीनाथरावांनी आयुष्यभर खोटं सां