पाचवं भजं

मेहकर, मंगळवार, दिवेलागणीला

आज अप्पांनी हसवून बेजार केलं. परदेशातून येणाऱ्या पिवळ्या वाटाण्यावर सरकारनं ड्यूटी लावली, ही बातमी मी वाचून दाखवली, तर म्हणाले, "मग आपल्या हरभऱ्यावर कामून न्हाई लावली? रानडुकरं खायलेत की!" त्यांना वाटलं, पोलिसाची ड्यूटी!

मी समजावलं, ड्यूटी म्हणजे बाहेरच्या मालावरचा कर. स्वस्त वाटाणा आला की बेसनवाले तोच दळतात, आपल्या हरभऱ्याकडं बघत नाहीत. आता वाटाणा महागणार, म्हणून तर हरभरा कधी काढता, असं विचारायला अडत्यानं आपणहून फोन केला.

"म्हंजे येशीवर राखणच बसवली की. मी काय येगळं म्हणलो?"

खरंच, मी तरी काय वेगळं सांगितलं?

मग खुशीत त्यांना फाट्यावर भजी खायला नेलं. प्लेटमध्ये पाचाऐवजी चारच! मी कुरकुरलो, तर भजीवाला म्हणाला, "बेसन वाढलंय, अण्णा." बातमी आजची अन् भजं आजच गायब? हरभऱ्याला भाव आला की बेसनही महागणार, हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही?

अप्पा मात्र मजेत खात होते. "राखण बसवली की राखणदाराला वाटा द्यावाच लागतंय. पाचवं त्याचं."