मुकादम आणि घरातली पाहुणी

तीर्थरूप वन्सं,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, तरी आठही अंगं मोजून घ्यावीत.) तुमची कंबर आता कशी आहे? यजमानांचा खोकला थांबला, की अजून डॉक्टरांना खोटं आणि तुम्हाला खरं सांगणं चालूच आहे? इकडे सर्व क्षेम. हे वाक्य पत्रात असावं लागतं म्हणून लिहिलं. पुढे वाचताना त्याच्यावर फार भार टाकू नये.

पत्र हाताने लिहिलेलं पाहून नवल वाटेल. लॅपटॉपवर लिहिलं असतं तर ते तुमच्या बंधूंच्या नजरेस पडलं असतं, आणि पत्र त्यांच्याबद्दलच आहे. तुम्ही त्यांच्या थोरल्या बहीण, पाळण्यापासून त्यांना ओळखता. माल परत घेण्याची मुदत केव्हाच संपली हे मलाही कळतं, पण तक्रार तरी ऐकून घ्या.

ते निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मला ते दिले. घड्याळ निदान एका जागी टांगता आलं. आयुष्यभर या गृहस्थांनी एका टेबलाशी बसून चारशे कॉम्प्युटर सांभाळले, त्यांतले निम्मे कधी डोळ्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत. आता सांभाळायला उरलं काय, तर स्वयंपाकघरातले डबे, चपलांची फळी आणि मी. डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. (साखरेच्या डब्यावर ‘साखर’. म्हणजे इतकी वर्षं मी मीठ घालून चहा देत होते की काय!) चपला मापाप्रमाणे लागल्या. मग एका सकाळी ते लहान मुलासारखे उजळलेल्या चेहऱ्याने आले आणि म्हणाले, “आता घरातले कॉम्प्युटर शिस्तीत आणतो.”

घरात कॉम्प्युटर चार. सूनबाईंचा एक. तिने गोड हसून “बाबा, हा ऑफिसचा आहे हं,” एवढंच म्हटलं आणि कायमची सुटली. (या पोरी हुशार. आम्हाला एवढ्यासाठी लग्नानंतर तीस वर्षं थांबावं लागतं.) यांचा एक, माझा लॅपटॉप एक, आणि बाहेरच्या खोलीतला चिरंजीवांचा शाळेतला जुना डबा एक, जो पाहुण्यांसाठी ठेवलाय. आमच्याकडे येणारे पाहुणे चहा मागतात, पाणी मागतात, पंखा वाढवायला सांगतात. कॉम्प्युटर मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

तर शिस्त अशी. कॉम्प्युटरच्या पोटात ऑपरेटिंग सिस्टिम नावाची जी मूळ व्यवस्था असते, तिच्यात शेकडो सुविधा असतात. छापायची एक, गाणी वाजवायची एक, अक्षरं मोठी करायची एक. काही चालू, काही बंद. आपण साधी माणसं लागेल तेव्हा चालू करतो, नको तेव्हा विसरतो. हे तुमच्या बंधूंना बघवत नाही. त्यांनी एक फाइल लिहिली. तिच्यात मथळे घातले, ‘घरची माणसं’ आणि ‘पाहुणे’, आणि प्रत्येक मथळ्याखाली कोणतं यंत्र, त्यात काय चालू असावं आणि काय बंद असावं ते मांडलं. (पाहुण्यांना गाणी नाहीत, आणि वेळही मोजून.) मग त्यांनी एक प्रोग्रॅम आणून बसवला. तो दर अर्ध्या तासाने प्रत्येक यंत्रात डोकावतो, फाइलशी ताडून पाहतो आणि जे वेगळं दिसेल ते मुकाट्याने पूर्ववत करतो. ऑफिसात त्याला काही भारदस्त नाव होतं. मी त्याला मुकादम म्हणते.

मुकादमाचा स्वभाव तुमच्या बंधूंनी मला मोठ्या कौतुकाने समजावून सांगितला. म्हणे, तो कितीही वेळा चालवा, परिणाम एकच. मी म्हटलं, यात नवल ते काय? ओला टॉवेल पलंगावर टाकू नका, हे वाक्य मी लग्न झाल्यापासून चालवते आहे, परिणाम एकच. त्यांना विनोद कळला नाही. ते म्हणाले, “तुझा लॅपटॉप सारखा ढळतो, त्यावर उपाय आहे हा.” ढळतो! फाइलीत लिहिलंय त्यापासून यंत्र जरा इकडेतिकडे झालं की त्याला ढळणं म्हणतात. मी अक्षर मोठं केलं की ढळले. प्रिंटरची निवड बदलली की ढळले. कॉन्व्हेंटात मदर रोज सकाळी आमची नखं, रिबिनी आणि मोज्यांची उंची तपासायच्या. पण एकदा तपासलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांचा आमच्यावर विश्वास असायचा. मुकादमाचा अर्ध्या तासापलीकडे कोणावर विश्वास नाही. मी अक्षर मोठं करावं, चष्मा काढून सुखाने वाचत बसावं, आणि ऐन रंगात आलं असताना अक्षरांच्या मुंग्या व्हाव्यात. तक्रार करावी तर उत्तर ठरलेलं. “मला सांगायचं ना, फाइलीत घातलं असतं.” स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःचं अक्षर मोठं करायला मी नवऱ्याकडे अर्ज करायचा! (अर्ज केला. मंजूर झाला. पण तत्त्वाचा प्रश्न आहे.)

आता मुख्य अपराधाकडे येते. आमच्या शाळेच्या जुन्या मुलींचा मेळावा ठरला. (‘मुली’ म्हणजे सगळ्या माझ्याच वयाच्या, चार जणी काठी घेऊन आल्या होत्या.) आम्हाला गाणं शिकवणाऱ्या सिस्टर आता नव्वदीला टेकल्यात आणि आश्रमातून तासाभरापुरत्या येणार होत्या. आमच्या वर्गाच्या समूहगानाची एक टेप एका मुलीच्या वडिलांनी तेव्हा करून ठेवली होती. ती मी शोधून काढली, दुकानात नेऊन लॅपटॉपवर घेतली, आणि ती सिस्टरांना ऐकवायची जबाबदारी माझ्यावर आली. सिस्टरांना आता माणसं ओळखू येत नाहीत, पण गाणं ऐकलं तर येतील, असं सगळ्यांचं म्हणणं. म्हणजे सगळा मेळावा माझ्या लॅपटॉपवर उभा. गाणी वाजवायची जुनी सुविधा मुकादम रोज काढून टाकत होता. त्यासाठी मी तुमच्या बंधूंपुढे पदर पसरला. त्यांनी ती फाइलीत माझ्या यंत्रापुढे रीतसर ‘चालू’ लिहिली आणि म्हणाले, “आता ब्रह्मदेव आला तरी बंद होणार नाही.”

ब्रह्मदेव आला नाही. त्यांची टापटीप आली. निघायच्या दिवशी सकाळी यांना फाइलीतल्या ओळी नीट रचाव्याशा वाटल्या. रचताना माझी ओळ सरकली आणि ‘घरची माणसं’ सोडून ‘पाहुणे’ या मथळ्याखाली जाऊन बसली. बिनचूक आज्ञाधारक मुकादमाने ती नवी आज्ञा घेतली आणि तो लॅपटॉपबरोबर माझ्या पिशवीतून मेळाव्याला आला. मला काय माहीत! ऑफिसात म्हणे हे गृहस्थ आधी सराव-फेरी घ्यायचे. म्हणजे मुकादम काहीही न करता ‘मी असं असं करणार आहे’ एवढंच सांगतो, आणि ते वाचून मग खरी आज्ञा द्यायची. चारशे परक्या कॉम्प्युटरांना सराव-फेरी. बायकोला थेट प्रयोग.

शाळेच्या दिवाणखान्यात तेच उंच छत, तोच पियानो, मेणाच्या पॉलिशचा तोच वास. सिस्टर चाकाच्या खुर्चीत, एवढ्याशा झालेल्या, मांडीवर हात. मी गाणं लावलं. खरखर झाली, आणि मग आमचे ते आवाज! वन्सं, आपल्या वर्गाचा बाराव्या वर्षीचा आवाज ऐकणं फार वाईट. सिस्टरांचं बोट खुर्चीच्या दांड्यावर ताल धरू लागलं. पहिलं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं, आणि आवाज गेला. पडद्यावर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत आलं, ‘पाहुण्यांची वेळ संपली. पुन्हा यावे.’ मागून कोणीतरी हसलं. मी बटणं दाबली, लॅपटॉप बंद करून उघडला, तर म्हणे या यंत्रावर ध्वनीची सुविधा नाही. भरल्या सभेत मला माझ्याच लॅपटॉपने घराबाहेर काढलं.

घरी येऊन मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. कागद तुमच्या घरी जाणार आहे.

“मी पाहुणी?”

“अगं, त्याला सांगितलं तेच त्याने केलं.”

“सांगितलं कोणी?”

“...मी.”

“मग मुकादमाला कशाला पुढे करता? सरळ म्हणा, निघ आता, पुन्हा यावे!”

तुमच्या बंधूंनी चष्मा पुसला, टेबलाशी बसले आणि जरा वेळाने म्हणाले, “काढला. सगळीकडून काढून टाकला.” मी म्हटलं, बरं झालं. आणि खरंच बरं झालं. तेव्हापासून माझा लॅपटॉप कसा गुणी बाळासारखा वागतो आहे! अक्षर मोठं केलं तर मोठंच राहतं. गाणं लागतं. आयुष्यात कधी पहिल्या हाकेला न छापलेला प्रिंटर आता सांगितल्याबरोबर छापतो. मुकादम गेला आणि यंत्र सुधारलं. यावरूनच त्या विद्येची काय ती किंमत कळते. चारशे कॉम्प्युटर इतकी वर्षं यांच्यामुळे चालले, की यांना न जुमानता चालले, याचा ऑफिसने एकदा विचार करावा.

आता ते गॅलरीत बसतात. समोरच्या इमारतीत कोणाचे कपडे वाळत घातलेत ते बघतात. डब्यांच्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच काढल्या. आणि मधूनमधून उठून माझ्या दाराशी येतात, “नीट चाललंय ना? काही बंद नाही ना पडलं?” विचारतात, आणि मी “नाही” म्हटलं की “बरं” म्हणून परत जातात. दर अर्ध्या तासाने, वन्सं. मुकादम निदान दिसत तरी नव्हता.

असो. प्रकृतीला जपा. यजमानांना नमस्कार.

तुमची,
वहिनी

ता. क. तुम्ही चालवता त्या कॉम्प्युटर क्लासात वीस यंत्रं आहेत आणि मुलं रोज संध्याकाळपर्यंत त्यांची दशा करून ठेवतात, असं तुम्ही मागे म्हणाला होतात. तुमच्या भावाला बोलावून घ्या ना. पण मी सांगितलं म्हणून नको. “बाबा रे, माझं अडलंय” म्हणा. अडल्यावाचून ते कुठे जात नाहीत. दिवसा ठेवून घ्या, संध्याकाळी परत पाठवा. रात्रीचं जेवण मला यांच्याशिवाय जात नाही.

ता. क. दुसरा. एक सांगायचं राहिलं, ते यांना सांगू नका. लॅपटॉप बंद पडला तेव्हा सिस्टरांचं बोट थांबलं नाही. गाणं जिथे तुटलं होतं तिथून त्यांनी स्वतः उचललं. आवाज चिरका, पण सूर पक्का. मग आम्ही सगळ्या. शाळेत मला त्यांनी नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं (माझा सूर तुम्हाला माहीत आहे). तशीच मी सवयीने ओठ हलवत होते, तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू पण. आज आवाजासकट.” मला ओळखलं, वन्सं. टेप शेवटपर्यंत वाजली असती तर आम्ही टाळ्या वाजवून घरी आलो असतो. पण हे कळलं तर तुमचे बंधू म्हणतील, बघ, मुकादमाने केलं. पाकीट घट्ट चिकटवून त्यांच्याकडेच पोस्टात टाकायला देते. तेवढंच पाय मोकळे होतील.

ताई, हे अक्षर माझं. पाकीट चिकटलंच नव्हतं. डिंक वाळलाय, नवा आणू का म्हटलं तर नको म्हणाली. सोमवारी येतो. “माझं अडलंय” म्हणून मला फोन मात्र कर, आणि तो तिच्यासमोर येईल असा कर. मुकादम मी दुसऱ्याच दिवशी परत बसवला. तिचं यंत्र पुन्हा ‘घरची माणसं’ खाली आहे, अक्षर मोठं, गाणं चालू, प्रिंटर चालू. या वेळी सराव-फेरी घेतली. तिला हे सांगू नकोस. गाण्याचं मला माहीत नव्हतं.