तुम्ही काढलेली बॅटरीची तार

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुठल्याही टेम्पोचं इंजिन उघडं दिसलं की मला आधी तुमचा हात दिसतो. लिंबायत वस्तीतलं आपलं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक बाकडं आणि चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या. मीटर तुमच्याकडे नव्हताच. एका बल्बला दोन तारा जोडलेल्या, तेवढ्यावर तुम्ही अख्ख्या गाडीचं वायरिंग तपासायचात. आणि चार्जिंग होतंय का हे बघायला इंजिन चालू असतानाच बॅटरीची तार काढायचात. दिवे तसेच राहिले तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर शाबूत. सगळ्याच मिस्त्रींची ती पद्धत होती. डिप्लोमाला गेल्यावर मला तिची लाज वाटायला लागली, हे तुम्हाला कळलं असणारच.

मग सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली. गाडीचं चार्जिंग आटोक्यात ठेवणारे रेग्युलेटर तिथं बनत, आणि त्यातले बरेच जळून परत येत. का जळतात हे शोधायला चालत्या गाडीतले व्होल्ट कॉम्प्युटरवर नोंदवायचे, असं शेठनं ठरवलं आणि त्यासाठी कॉम्प्युटरच्या डब्यात बसवायचं कार्ड निवडायचं काम माझ्यावर टाकलं. दोन माहितीपत्रकं आली होती. एका कार्डाला जोडण्या चारच, पण गाडीतले व्होल्ट एकदम उसळले तर तो झटका ते कॉम्प्युटरपर्यंत पोहोचू देत नसे. दुसऱ्याला सोळा, आणि झटक्यापासून बचाव काहीच नाही. मला सोळा हव्या होत्या. बॅटरी, दिवे, हॉर्न, सगळ्यांच्या रेघा एकदम पडद्यावर आल्या की शेठ बघतच राहील, एवढंच डोक्यात. संध्याकाळची वेळ, आई भाकरी थापतेय, मी चुलीजवळच कागद पसरून बसलेय, आणि तुम्ही हाताचं ग्रीस रॉकेलच्या चिंधीनं पुसत विचारता, "बॅटरीनी तार निंघी गई तं? हाई झटका सोसी का?" मी फटकन म्हणाले, "आबा, बारा व्होल्टची गाडी आहे. पंधराच्या वर जातंय कुठं? तुमच्या बल्बचा हिशोब इथं नका लावू." तुम्ही म्हणालात, "तू शिकेल शेस माय." शिकलेली आहेस, हा टोमणा असता तर बरं झालं असतं. तुमचा खरंच विश्वास बसला होता.

कार्ड आलं. पहिल्या चाचणीला शेठनं तुम्हालाच बोलावलं, लिंबायतचा मिस्त्री म्हणून. तुम्ही धुतलेला शर्ट घालून आलात. टेम्पो सुरू झाला, पडद्यावर रेघा सरकायला लागल्या, शेठ खूश. "मिस्त्री, हवे तमारी रीते जोई लो," तो म्हणाला, आता तुमच्या पद्धतीनं बघा म्हणून. तुम्ही पाना घेतलात, बॅटरीची तार सैल केलीत आणि माझ्याकडे बघितलंत. काढू का, एवढंच विचारत होतात. मी हो म्हणून मान हलवली. तुम्ही तार काढलीत. बॅटरी सुटताच अल्टरनेटरचे व्होल्ट एकदम उसळले, टेम्पोचे दोन दिवे फुटले, पडदा जागच्या जागी थिजला आणि कॉम्प्युटरच्या डब्यातून जळका वास आला. "आ शुं कर्युं, मिस्त्री?" शेठ ओरडला. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात जोडलेत. "भूल मारी छे, शेठ. छोकरीनो वांक नथी." चूक माझी, मुलीचा दोष नाही म्हणे. मी बंद पडद्याकडे बघत राहिले. मान मी हलवली, कार्ड मी निवडलं, एवढंच तर बोलायचं होतं. जीभच उचलेना, आबा. आजही तिथं जाऊन उभी राहते मनातल्या मनात, आणि आजही उचलत नाही.

त्या कारखान्यानं तुम्हाला परत बोलावलं नाही. दुकानात तुम्ही बॅटरीची तार काढून बघणंच सोडलंत. गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्री, काढून बघा ना. तुम्ही नाही म्हणून मान हलवायचात आणि बल्ब लावून बघायचात. मी समोरच्या बाकड्यावर बसलेली असायचे. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, तोवर रोज संध्याकाळी आपण एका ताटाशी बसलो, आणि मला एकदाही बोलता आलं नाही.

आता मी नव्या पोरापोरींना हेच काम शिकवते. कार्ड कसं निवडायचं, आधी झटका बघा, जोडण्या मग मोजा. तुम्ही चुलीपाशी विचारलेला प्रश्नच मी फळ्यावर लिहिते. मग त्या पहिल्या चाचणीची गोष्ट सांगते, कुणाचं नाव न घेता. काल एका पोरीनं विचारलं, "मॅडम, तार काढणारा तो मिस्त्री कोण होता?"

हे पत्र टाकायचं तरी कुठं? लिंबायतच्या खोलीत आता दुसरंच कुणी राहतं. मी त्या पोरीला म्हणाले, "होता कुणीतरी, अडाणी होता बिचारा." पोरं हसली. त्यांच्याबरोबर मीही हसले, आबा.