थिबोडोचा करार

१४ फेब्रुवारी
आज मर्लच्या खुर्चीत बसले. नवरा गेला, म्हणून निवडणुकीपर्यंत गावमंडळावर त्याच्या जागी मी. अध्यक्ष हॉलिसनंच नाव सुचवलं. खुर्ची डुगडुगते — मर्ल कधी बोलला नव्हता!

१९ फेब्रुवारी
हॉलिस आला, बीन्सचं भांडं घेऊन. "बायकोनं दिलंय." माझं नाव का सुचवलं ते मग कळलं. पोलीसप्रमुख थिबोडोचा करार मार्चअखेर संपतो. हॉलिसला तो वाढवायचा नाही, मंडळावरच्या ऑडेटला वाढवायचाय. तिसरं मत माझं.

"तुला मी काय सांगू? मर्ल तळ्याच्या बर्फाखाली गेला तेव्हा हा कुठे होता?"

गावाच्या दुसऱ्या टोकाला, उलटलेल्या ट्रकपाशी. एकटाच होता ड्युटीवर. भांडं ठेवून घेतलं.

२३ फेब्रुवारी
करार वाचतेय. शाळा आठवीत सुटली, वाचन सुटलं नाही. मंडळानंच नेमायचं, मंडळानंच काढायचं. एका माणसाचं घरदार तीन हातांवर — त्यातला एक माझा.

सकाळी दोन कप कॉफी केली. एक ओतून दिली.

२६ फेब्रुवारी
दुकानात थिबोडो दिसला. "मिसेस विन्स्लो." एवढंच, तेही खाली बघून.

५ मार्च
सभा झाली. हॉल भरलेला, ओल्या बुटांचा वास. हॉलिस माझ्याकडे हात करून ऑडेटला म्हणाला, "मत देण्याआधी या बाईकडे बघा!"

अंगाचा तिळपापड झाला. उठले. म्हटलं, थिबोडो दरवर्षी दुसरा शिपाई मागतो आणि मंडळ दरवर्षी नाही म्हणतं. नाही म्हणणाऱ्यांत हॉलिस होता. माझा मर्लही होता! घरी येऊन म्हणायचा, कर वाढवला तर लोक मला कच्चा खातील.

"खाल्लाच असता!" मागून कुणीतरी. सगळे हसले. मलाही हसू आलं.

मग ऑडेटचा हात वर. माझाही. करार तीन वर्षांसाठी वाढला.

घरी येऊन रडले. भर सभेत मर्लला बोल लावला. पण खोटं नाही बोलले.

९ मार्च
थिबोडो आला. दारातच उभा, टोपी हातात. करार सही न करता परत दिला! पोर्टलंडला नोकरी मिळालीय — जानेवारीपासून त्यानं तिथल्या लोकांना थांबवून ठेवलं होतं.

"मर्ल गेल्यावर तसंच निघवेना. तुमचा हात माझ्यासाठी वर जातो का, एवढंच बघायचं होतं, मिसेस विन्स्लो. आता जाता येईल."

म्हटलं, टोपी घाल बाबा, बाहेर गार आहे.