कशावरून, आबा?

२१ जुलै, सोमवार
०६०० ला उठलो. हवा पावसाळी, डावा गुडघा ठणकतोय.
शाळेत चक्कर. चौथीच्या भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता गायब. त्या जागी हातभर अक्षरांत एकच शब्द: कशावरून?
नव्या कदम बाईंचं काम. रहिमतपूरकडच्या. बदलून येऊन महिना झाला. हसतमुख आहेत. हसतमुख माणसाकडे मी दोनदा बघतो.
मुलगा फौजेत, त्यामुळे चौथीतल्या नातीचा, समूचा, पालक कागदावर मीच, आणि म्हणून शाळा समितीचा अध्यक्षही मीच. तक्ता कुठं गेला हे विचारणं माझं कर्तव्य. आज विचारलं नाही. आधी टेहळणी.

२३ जुलै, बुधवार
१०४५ ते १२३०, चौथीच्या खिडकीबाहेर. छत्री धरून. बाईंनी एकदा पाहिलं, हसल्या.
गणित: मैदान किती लांब? एक पोरगं म्हणालं चाळीस पावलं. बाई म्हणाल्या, कशावरून? सगळी पलटण मैदानात. कुणाची चाळीस, कुणाची सत्तावन्न. भांडणं. मग दोरी आणली.
मराठी: "धड्यातली म्हातारी रागावली नव्हती." कशावरून? पोरं ओळी शोधत बसली.
नंतर इतिहास, तिथंही तेच. इतिहासाला कोण कशावरून विचारतं?
मला शेवटी विषय कोणता चाललाय तेच कळेना. पावणेदोन तासांत पाढा एकही नाही. पाणी मुरतंय कुठंतरी. बहुतेक बाईंना आदर्श शिक्षक पुरस्काराचा अर्ज करायचा असणार.

२४ जुलै, गुरुवार
बाईंना समोरासमोर विचारलं. पोर्शन? शिष्यवृत्तीची परीक्षा?
"होईल की. विषय वेगळे असले तरी मुलं तीच आहेत ना, मेजर? सगळे विषय शिकून शेवटी मुलाला काय यायला पाहिजे, ते तुम्ही सांगा."
असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. शिस्त, म्हणालो. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. का लिहून घेतलं?

२८ जुलै, सोमवार
घरात उच्छाद. सूनबाई म्हणाली, "मामा, हिला आमटी तिखट न्हाई म्हटलं तर म्हणती कशावरून. चाखून बघ म्हटलं तर म्हणती, मग आधी चाखायला द्यायचं."
मी हसलो. समूनं लगेच विचारलं, "आबा, तुम्ही मेजर हाय ते कशावरून?"
हसू गेलं. रिटायर झालो हवालदार म्हणून. आमच्या गावात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. हे तिला कसं सांगणार? चहा थंड झाला म्हणून सूनबाईवर ओरडलो. चहा गरम होता.

१ ऑगस्ट, शुक्रवार
आता कळलं बाईंचं राजकारण. १५ ऑगस्टला पोरांच्या वह्यांची पानं व्हरांड्यात लावणार. घरातल्या एका माणसावर दहा वाक्यं, आणि प्रत्येक वाक्यापुढं रकाना: कशावरून.
समूनं मला निवडलं. की निवडायला लावलं?
तिची वही बघितली, ती अंघोळीला गेली तेव्हा.
"आबा फौजेत होते." कशावरून: फोटो, ट्रंक.
"आबांना शिरा आवडतो." कशावरून: तीनदा घेतात.
"आबांचा पाय सीमेवर लढताना मोडला." कशावरून: पुढं कोरं.

२ ऑगस्ट, शनिवार
इथं तरी खरं लिहावं. ही वही कुणी वाचत नाही.
पाय सीमेवर मोडला नाही. छावणीत व्हॉलीबॉल खेळताना मोडला. उडी मारली, खाली येताना आमच्याच स्वयंपाक्याच्या पायावर उतरलो. लढाई नव्हती, पाऊसही नव्हता. आम्ही तो सामना हरलो.
सुट्टीवर आलो तेव्हा काठी बघून एस. टी. स्टँडवरच कुणीतरी म्हणालं, "सीमेवर झालं व्हय?" मी नुसती मान हलवली. खोटं एकदाही बोललो नाही. लोक बोलत गेले, मी गप्प बसत गेलो. दर १५ ऑगस्टला झेंड्याखाली तेच सांगतात, पोरं टाळ्या वाजवतात. बायकोला ठाऊक होतं. ती गेल्यावर ठाऊक असलेलं कुणी उरलं नाही.
लाज वाटते. त्याहून भीती जास्त वाटते.

५ ऑगस्ट, मंगळवार
विलास आला. समितीचा उपाध्यक्ष. पलूसला शिक्षण खात्यात द्यायचं तक्रारपत्र टाइप करून आणलेलं. "बाई वर्गात शिकवत नाहीत. मुले थोरांना उलट प्रश्न करतात. समस्त पालक नाराज आहेत. तातडीने बदली व्हावी."
"मेजर, तुमची सही पायजे. तुमच्या शब्दाला लय वजन हाय. पंधरा तारखेच्या आत दिलं तर झेंड्याला दुसऱ्या बाई येत्याल."
घाई कशाची? मग आठवलं. याच्या मेव्हण्याचा शिष्यवृत्तीचा क्लास आहे. बाई आल्यापासून चौथीची पोरं तिकडं जाईनात.
विलासचा डाव मला दिसतो. माझाही दिसतो. बाई गेल्या की व्हरांड्यात पानं लागणार नाहीत.
पत्र ठेवून घेतलं. १४ ला सकाळी ये म्हटलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार
पत्र पलंगावर राहिलं होतं. समूनं मोठ्यानं वाचलं. वाचते छान. "बाई वर्गात शिकवत नाहीत." वर बघून म्हणाली, "कशावरून, आबा?"
परेडवर ओरडायचो तसा ओरडलो. "थोरांना कशावरून विचारायचं नाही! हो म्हणायचं!"
नऊ वर्षांची पोर. "हो आबा," म्हणाली.

११ ऑगस्ट, सोमवार
तीन दिवस सगळ्याला "हो आबा".
जेवलीस? हो आबा. अभ्यास झाला? हो आबा. आज मुद्दाम म्हटलं, सात आठे चोपन्न. "हो आबा."
पाढे तिला येतात, तिसापर्यंत येतात.
आयुष्यभर मी असलेच "हो" ऐकले आणि त्यातल्या एकावरही विश्वास ठेवला नाही. राशन पूर्ण आहे? हो साब. स्वतः जाऊन पोती मोजायचो. आणि घरातलं एकुलतं एक माणूस, जे न मोजता हो म्हणत नव्हतं, त्याला मीच गप्प केलं.
बाईंवर संशय घेऊन झाला, विलासवर झाला. आता नातीच्या "हो"चा संशय येतो. हा सगळ्यात वाईट.

१३ ऑगस्ट, बुधवार
शाळेवरून गेलो. बाई फाटकाशी. "समृद्धीचं एक वाक्य राहिलंय. म्हणते, खोडून टाकते. मी म्हटलं, खोडू नको, कोरं राहू दे. माहीत नाही हे पण उत्तर असतं."
बाईंना कळलंय का? चेहऱ्यावरून थांग लागेना. हसतमुख माणसाचं हेच वाईट.
तक्त्याचं विचारलं शेवटी. म्हणाल्या, पोरांकडे दिलाय, त्यात एक चूक आहे, ती शोधायला. घरी येऊन मीही आठवून बघितलं, चूक सापडेना. तो तक्ता पंचवीस वर्षं तिथं होता. माझा मुलगा त्यावरच शिकला.

१४ ऑगस्ट, गुरुवार
०७१५. ट्रंक उघडली. दवाखान्याचा कागद तळाशी होता, पिवळा पडलेला. समूला हाक मारली. म्हटलं, तुझ्या कोऱ्या रकान्याचं यात आहे.
ती लगेच हात लावेना. "विचारू का?" म्हणाली. विचार, म्हटलं.
"हा इंग्रजीत हाय. वाचून दाखवा की."
इंग्रजी तिला अजून अक्षरापुरतंच येतं. घरात दुसरं कुणी वाचणारं नाही. काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं, हे माझ्या डोक्यात आलं. खोटं कशाला लिहू. आलं.
नाव वाचलं. हुद्दा वाचला, हवालदार. तिनं तो ऐकला आणि पुढच्या ओळीकडे बघितलं. तिसऱ्या ओळीवर थांबलो.
तिनं बोट ठेवलं. "आबा, बाई म्हणाल्या लढाईला वॉर म्हणत्यात. त्यो डब्ल्यूनं असतोय. हा तर व्ही हाय. व्हीनं काय असतं?"
थांब, म्हटलं, चष्मा आणतो.
आत येऊन हे लिहितोय. पत्र इथंच टेबलावर, पेन हातात. बाहेर विलासची मोटरसायकल थांबली. समू त्याला सांगतेय, "बसा काका. आबा चष्मा हुडकत्यात."
चष्मा माझ्या डोळ्यांवरच आहे. मी उठलो तेव्हा तिनं पाहिला होता.